पहिलीच्या शिळ्या बातम्या

माझी लेक पहिलीत गेली त्या वर्षी तिच्या शाळेत काय चाललंय ते मला रोज कळायचं, पण समोरच्या दारातल्या बाईकडून. इतका अपमान माझा ऑफिसातल्या कुठल्या साहेबानंही कधी केला नाही.

गाझियाबादेत हिंडन नदीच्या बाजूला नव्या सोसायट्या उठत होत्या तेव्हाची ही गोष्ट. आमच्या इमारतीतले निम्मे फ्लॅट रिकामे, लिफ्टच्या जागी नुसतं भोक आणि गेटबाहेर वाळूचे ढीग. नवरा साहिबाबादच्या कारखान्यात पाळ्या करायचा, मी दिल्लीत एका सरकारी कार्यालयात. सकाळी चार्टर्ड बस पकडायची आणि संध्याकाळी त्याच बसच्या त्याच सीटवर पेंगत परत यायचं. मुलीची शाळा दुपारी सुटायची. स्कूलबस तिला गेटशी सोडायची आणि तिथून समोरची शेजारीण तिला आपल्या घरी न्यायची. ही मेरठकडची, माझ्याहून थोडी मोठी, मुलं कॉलेजात गेलेली. मी तिला भाभीजी म्हणायचे, ती मलाही भाभीजीच म्हणायची, आणि लेक तिला आंटी. मुलीला सांभाळायचं ती काही घ्यायची नाही, त्यामुळे तिच्याशी भांडायचीही सोय नव्हती.

संध्याकाळी मी चपला काढता काढता लेकीला विचारायचे, "काय शिकवलं गं आज?"

"काही नाही."

"अगं, काहीतरी शिकवलंच असेल की."

"कुछ नाही झालं, आई. बिल्कुल काही नाही."

आणि मी हातपाय धुते न धुते तोच भाभीजी कढीची वाटी घेऊन दारात. "आज तो इनकी मैम ने राजमा बोया, गीली रुई में! बताया इसने?"

"हाँ हाँ, बताया ना," मी ठोकून द्यायचे.

ओल्या कापसात राजमा! आमच्या घरात दर आठवड्याला फडक्यात बांधलेल्या मटकीला मोड यायचे, तिकडे पोरीनं कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. पण तो राजमा फुटला, त्याला पांढरं मूळ आलं, मग पान आलं, ही सगळी खबर भाभीजीला आधी. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे करून रबर लावतात आणि त्याला दशक म्हणतात, हेही मला तिच्याकडूनच कळलं. भेंडीच्या ठशांचं चित्र, वर्गाची मॉनिटर कोण झाली, कुणी कुणाचं खोडरबर खाल्लं आणि मग बाईंनी त्याला किती पाणी पाजलं, सगळं तिच्याकडे गरमागरम पोहोचायचं. माझ्या पानात पडायचं ते शिळं, तेही वाढणारीच्या मर्जीनं.

मी लहान असताना शाळेतून आले की आई चुलीपुढे असायची आणि मी दप्तर न उतरवताच सुरू व्हायचे. ती माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही. आपल्या लेकीनंही असंच आपल्यापुढे सुरू व्हावं, एवढंच मला हवं होतं. एखादी गोष्ट, लहानशी का असेना, तिनं सगळ्यात आधी मला सांगावी.

मग मी माझ्या परीनं लढायला लागले. आलेली वाटी रिकामी परत द्यायची नाही, ही रीत आमच्याकडेही होती आणि त्यांच्याकडेही. कढीच्या वाटीतून मी शिरा पाठवला. राजमा आला तर भरली वांगी. एकदा ऑफिसातून डोकं दुखत आले होते, तरी उभी राहून पुरणपोळ्या लाटल्या. नवरा म्हणाला, "आज कुठला सण?" त्याला काय सांगणार, की हे युद्ध आहे? भाभीजीनं पोळी खाऊन माझी इतकी तारीफ केली की मला आणखीच राग आला.

पण कडेलोट झाला तो दातामुळे. लेकीचा पहिला दात किती दिवस हलत होता. रोज रात्री ती तो जिभेनं ढकलून मला दाखवायची, आणि मला वाटायचं, निदान हा तरी माझा. आमच्याकडे पडलेला दात छपरावर भिरकावतात. आमचं छप्पर म्हणजे चौथ्या मजल्यावरची गच्ची, तिथपर्यंत तो कसा पोहोचवायचा याचाही मी विचार करून ठेवला होता. दात पडला वर्गात, पाढे म्हणताना. बाईंनी तो कागदात बांधून दिला. संध्याकाळी मी घरी आले तेव्हा तो भाभीजीच्या तुळशीच्या कुंडीत पुरून झाला होता, वर पाणीही घालून झालं होतं. मला मिळाली ती फट.

"किती छान दिसतेस!" मी हसून म्हटलं. त्या रात्री मी नवऱ्याशी कपडे वाळत घालण्यावरून भांडले.

दुसऱ्या आठवड्यात मी रजा टाकली. दुपारी गेटवर मी स्वतः जाऊन उभी राहिले, भाभीजीला सांगून की आज तुम्ही आराम करा. स्कूलबस आली. लेक उतरली, माझ्याकडे पाहून हसली, आणि माझ्या मागे बघत म्हणाली, "आंटी कुठे?"

"आज मी आले आहे."

"आंटी बीमार आहे?"

जिना चढताना मी तिचं दप्तर घेतलं, हात धरला, काहीबाही विचारलं. ती "हो", "नाही" करत राहिली. दार उघडताच म्हणाली, "आई, मी पाच मिनिटात आली," आणि समोरच्या दारात शिरली. ते दार नेहमीप्रमाणे अर्धवट उघडं होतं. मी आमच्या उंबऱ्यात तिचं दप्तर घेऊन उभी, आणि आतून तिचा आवाज, नळ सोडावा तसा: "आंटी, पता है आज क्या हुआ?" मी माझी रजा कशासाठी घालवली होती, हे मला भिंतीवर डोकं आपटून कुणाला तरी सांगावंसं वाटलं.

देव ऐकतो म्हणतात. थंडी सरता सरता भाभीजीच्या नवऱ्याचं ऑफिस गुडगावला हललं. तिकडे तेव्हा काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि लोक तिकडे राहायलाही जाऊ लागले होते. त्यांनीही घर घेतलं. सामान टेम्पोत चढलं त्या दिवशी भाभीजी माझ्या गळ्यात पडून रडली. मीही रडले. माझ्या रडण्यातले थोडे अश्रू चक्क आनंदाचे होते, आणि ते पुसायची मला घाई नव्हती.

नवऱ्यानं सकाळची पाळी मागून घेतली. तो दुपारी लेकीला घरी आणायचा, जेवायला घालायचा आणि घोरत पडायचा, म्हणजे बातमीला वाटेत दुसरं गिऱ्हाईक उरलं नव्हतं. पहिल्या संध्याकाळी मी चहा केला, तिला दूध दिलं, समोर बसले आणि म्हटलं, "हं, सांग आता."

"काही नाही."

दुसऱ्या दिवशीही काही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, रुसली असेल, येईल वळणावर. मी प्रश्न बदलून पाहिले. डबा संपला का, बाई काय म्हणाल्या, वजाबाकी आली का, शेजारी कोण बसलं. शेवटी ती वैतागली. "आई, तू किती सवाल विचारतेस! आंटी नाही विचारायची."

"मग काय करायची?"

"मटर छीलायची." थोडा विचार करून ती पुढे म्हणाली, "आणि 'फिर?' म्हणायची."

मी लगेच रविवारी मटार आणले. मांडी घालून सोलायला बसले, आणि योग्य वाटेल तिथे "मग?" म्हणून पाहिलं. लेकीनं माझ्याकडे असं बघितलं की माझे मलाच मटार नकोसे झाले. सासरच्या माणसांसमोर गायला बसवलेल्या मुलीसारखी माझी गत झाली होती.

घर मात्र गप्प झालं. पोर कोपऱ्यात बसून गृहपाठ करायची, टीव्ही बघायची, झोपायची. शाळेत रोज काहीतरी घडतच असणार, पण ते आता ती कुणालाच सांगत नव्हती. पूर्वी निदान मला शिळं तरी मिळत होतं.

कधीपासून नंबर लावून ठेवलेला टेलिफोन त्याच सुमारास आमच्याकडे आला. भाभीजीनं जाताना नव्या घराचा नंबर कॅलेंडरच्या मागे लिहून दिला होता. पहिला फोन कुणाला करावा, माझ्या आईला की नवऱ्याच्या भावाला, यावर घरात चर्चा झाली. मी कॅलेंडर उलटं केलं, नंबर फिरवला आणि रिसीव्हर लेकीच्या कानाला लावला.

"आंटी? आंटी, पता है, आज मैंने पूरा पाठ पढ़ा! खड़े होकर! अकेले!"

माझी मुलगी वाचायला लागली होती. ते मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकलं, हातात तांदळाची ताटली. तिकडून भाभीजी "फिर?" म्हणत असणार, कारण पोर थांबतच नव्हती. मला इतका मत्सर वाटला की ताटली खाली ठेवावी लागली. आणि तरी मला वाटत होतं, त्या बाईनं इतक्यात फोन ठेवू नये.

मग ते रोजचंच झालं. संध्याकाळी मी घरी आले की लेक फोनपाशी जाऊन बसायची आणि मी नंबर लावून द्यायचे. तिचं बोलणं संपेपर्यंत मी गॅसवर कुकर चढवत नसे. शिटीत तिचा एखादा शब्द बुडाला असता, तर तो मला पुन्हा कोण सांगणार होतं?