चाचांचा हात
जळक्या ऑइलचा वास आला की मला चिकलठाण्याच्या आमच्या गॅरेजमधला एक शुक्रवार आठवतो. गिऱ्हाइकाच्या जुन्या, दोन सीटच्या लाल स्पोर्ट्स कारचं इंजिन बाहेर काढायचं होतं. चेनपुली लावून झाली आणि आमचे म्हातारे मिस्त्री म्हणाले, "ताई, जुम्म्याची नमाज पढून येतो. खालचं सगळं सुटलं का ते एकदा बघायचंय, तवर हात लावू नका." पण गिऱ्हाईक थोड्याच वेळात येणार होतं, म्हणून मी एकटीनंच साखळी ओढायला घेतली. इंजिन वर आलं, खालच्या बाजूला सोडवायच्या राहिलेल्या एका तारेला अडकलं आणि एकदम मडगार्डाकडे झुकलं. तेवढ्यात दारात पोचलेले मिस्त्री धावले आणि त्यांनी मध्ये हात घातला. इंजिन धपकन आदळलं. मी ओरडले, "चाचा, रंग खरवडला का?" ते दात आवळून म्हणाले, "रंगाला काय नाय झालं, ताई. बीच में हाथ था मेरा." तेव्हा कुठं मी त्यांची चेचलेली बोटं पाहिली. हा प्रसंग मी पुष्कळांना सांगितला आहे, आणि दर वेळी त्यात मी आधी हाताचीच चौकशी केलेली असते.