कमानीचं वजन

लोखंडाला लावायच्या रेड ऑक्साईड रंगाचा वास आला की डोणगावातलं बाबांचं वेल्डिंगचं दुकान आठवतं. विहाराची लोखंडी कमान तयार होती. पायथ्याशी जाड, वर निमुळती, वजनकाट्यावर न मावणारी. ती चढवायची कप्पी दोनच क्विंटल पेलणारी. शेजारचे चाचा म्हणाले, "भाऊ, हे तीन भरते. कप्पी तुटली तं माणूस मरन." घरातली कॉलेजात गेलेली मी पहिलीच. कमानीचं वळण कोनाच्या समीकरणात मांडलं, जागोजागची जाडी धरली, वळणाच्या तुकड्यातुकड्याचं वजन जोडणारं लाइन इंटिग्रल सोडवलं. "पावणेदोन क्विंटल." चाचा हसले, "वहीतलं लोखंड हलकंच रायते, पोरी!" बाबांनी मलाच विचारलं, "पक्कं?" "हाव." "मंग सरका," म्हणत त्यांनी स्वतः साखळी धरली. कमान चढली. आजही कोणी 'हे गणित कशाले?' विचारलं, की मी त्याला विहाराचा रस्ता दाखवते.