मोकळे हात

ढगात शिरताच विमानाचा पंख थरथरला आणि टोकाशी वरखाली लवू लागला. खिडकीपाशी बसलेल्या मी खुर्चीचा हात घट्ट धरला. तेव्हा मला नाशिकची वहिनी आठवली.

वहिनी लढाऊ आणि प्रवासी अशा दोन्ही विमानांचे भाग घडवणाऱ्या कारखान्यात पत्रे तपासते. कामाला लागण्याआधी ती बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून पिशवीत ठेवते आणि सुती हातमोजे चढवते. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीलाही ती तशीच कामावर निघाली होती. मी विचारलं, "आज तरी राहू दे की बांगड्या. आई काही म्हणाली नाही?"

"आईंनीच आठवण केली काढून ठेवायची," वहिनी म्हणाली. "अहो, ते अ‍ॅल्युमिनिअम किती शुद्ध करून आणतात. त्यात लोखंडाचा अंश जरा वाढला तरी पत्रा लवकर चिरतो. एवढं करून आलेल्या पत्र्यावर माझ्या बांगडीचा ओरखडा उठला, तर उद्या वर आभाळात तिथूनच तडा जायचा. आत कुणीतरी बसलेलं असतं ना."

पंख लवत होता, पण सावरतही होता. कुणी भट्टीपाशी उभं राहून तो धातू गाळला असेल, कुणी मोकळ्या मनगटांनी तो हाताळला असेल. सीमेवर लढाऊ विमान उडवणारा कुणाचा तरी मुलगा त्यांना ठाऊक नाही, आणि मीही नाही. तरी आम्हा दोघांना त्यांनी जपलं होतं.

विमान उतरलं. दारातून बाहेर पडताना मी अंगठी काढून पर्समध्ये टाकली, आणि मगच बाहेरच्या पत्र्यावर तळवा टेकवला.