फोटोकाकांची निगेटिव्ह

माझ्या सासऱ्यांना अख्खी गल्ली फोटोकाका म्हणते. साधा ओळखपत्राचा फोटो काढायला गेलेला माणूसही काकांच्या स्टुडिओतून देखणा होऊनच बाहेर पडतो. "सरकारी कागदावर माणूस बरा दिसायला नको का?" हा त्यांचा सवाल. संगणक आला, तरी फोटोतले चेहरे रंगवून सुधारायचा खिशातला बारीक ब्रश काही गेला नाही.

माझी लेक जन्मली ती ओघळलेले डोळे, सपाट गाल आणि चिमुकले, अर्धवट कान घेऊन. ऐकू कमी येतं, पण रडणं असं की गिऱ्हाईक दचकावं. जनुकांच्या डॉक्टरीणबाईंनी तिचं आणि आम्हा नवरा-बायकोचं रक्त तपासायला घेतलं. दोन्ही घरांचे जुने फोटोही मागवले. "कधी घरात कुणाला हेच अगदी सौम्य असतं, लक्षातही येत नाही," त्या म्हणाल्या. मी अल्बम नेले. सासरचा एकेक चेहरा साच्यातून काढल्यासारखा आणि माहेरीही तसलं कुणी नाही.

मग उरलं काय? पोटुशी असताना घेतलेलं खोकल्याचं औषध. त्याचा संबंध नाही, असं बाईंनी परोपरीनं सांगितलं, पण माझ्या डोक्यातून ते जाईना. लेकीला पाजताना मी तिच्या तोंडाकडे बघणं टाळू लागले. घास उतरेना. रिपोर्टला अजून अवकाश होता.

एका दुपारी स्टुडिओतल्या बाकावर बसून मी तिला म्हटलं, "चुकलं गं माझं. मीच केलं हे तुला." शेजारी काका फोटो कापत होते. त्यांची कात्री थांबली. त्यांनी माळ्यावरून पत्र्याचा डबा काढला, त्यातली एक निगेटिव्ह स्कॅनरमध्ये घातली आणि मला संगणकापाशी बोलावलं.

"माझ्या लग्नातला फोटो. अल्बममधला आहे ना, तो मी रंगवलेला. हा मूळचा."

ओघळलेले डोळे, सपाट गाल, कानांवर ओढलेले केस. माझी लेकच मोठी होऊन नवरदेव झाली होती! मी वळून काकांकडे पाहिलं. त्यांनी जाड चष्मा काढला. इतकी वर्षं समोरासमोर जेवतोय आणि ते डोळे वयानं ओघळलेत, असं मी धरून चालले होते.

"आणि ह्यांचा?"

"त्याच्याही लहानपणच्या फोटोंवर हात फिरवलाय. थोडासाच."

माझा संताप झाला. "बाबा, मी इथे जिवंतपणी जळतेय आणि तुम्ही गप्प?"

"अगं, सुचलंच नाही. रंगवलेलेच फोटो इतकी वर्षं बघतोय. मला वाटायचं, मी तसाच आहे."

मी पोटभर रडले आणि रडून झाल्यावर चक्क भूक लागली.

काकांनी आपण होऊन रक्त दिलं. रिपोर्ट आले. आजोबा, मुलगा, नात, तिघांच्याही जनुकात तोच एक बदल होता. "यात दोष कुणाचाच नाही," बाई म्हणाल्या. या वेळी मला ते पटलं.

काल काकांनी नातीचा पहिला फोटो काढला. छापून माझ्या हातात दिला आणि सवयीनं त्यांचा हात खिशाकडे गेला. मी नुसतं बघितलं.

"काही नाही गं," ते म्हणाले, "रुमाल काढतोय."

आणि खरंच रुमाल काढून त्यांनी डोळे पुसले.