मारलं पण

मला माणसांचा संशय येतो. वीस वर्षं उल्हासनगरच्या कोर्टात फौजदारी वकिली केल्यावर दुसरं होणार काय? दूधवाला म्हणाला, "ताई, आज म्हशीचंच आहे", की मी विचारते, मग काल कशाचं होतं? नवरा म्हणतो, बाई गं, घरी तरी उलटतपासणी नको. मांजर्लीतल्या आमच्या सोसायटीच्या बायका मात्र माझ्यावरच संशय घेतात. "तुम्ही तसल्यांच्या केसेस घेता ना?" असं लिफ्टमध्ये विचारतात आणि मुलीला जवळ ओढतात. जसं काही मीच जामिनावर सुटलेय.

असाच एक 'तसला' पालेगावकडचा रिक्षावाला होता. अंबरनाथ एमआयडीसीत शिफ्टच्या बायकांना ने-आण करायचा. पॅकिंगमध्ये काम करणाऱ्या एकीने त्याच्यावर विनयभंगाची तक्रार दिली होती. रिक्षात ती एकटीच उरली तेव्हा त्याने 'अंगावर हात टाकला', एवढंच फिर्यादीत लिहिलेलं. त्याचं म्हणणं वेगळं. नाक्यावरच उतर म्हटलं तर ती शिव्या द्यायला लागली, म्हणून एक कानाखाली दिली. "बाकी काय नाय मॅडम, आईशप्पथ." न विचारता कोणी शपथ घेतली की माझं डोकं ठणकायला लागतं. पण वकीलपत्र घेतलं. गुन्हा शाबित झाला तर तो आत जाणार होता, आणि मनातल्या शंकेवरून कोणाला आत पाठवणं हे माझं काम नव्हे.

त्याची बायको प्रत्येक तारखेला डबा घेऊन यायची. एकदा तो चहाला गेला तशी ती माझ्याजवळ सरकली. "मॅडम, हात उचलतो तो. माझ्यावर पण उचलतो. ते मी सोसलं. पण तसलं केलं असंल तर मला सांगा. दोन पोरी हायेत घरात. त्यांना घेऊन मी आईकडं जाईन."

"मला कळलं तर ना," मी म्हटलं.

"तुम्हाला नाय कळणार तर कोणाला?"

अशिलाचं गुपित वकिलाने कोणालाच सांगायचं नसतं, त्याच्या बायकोलाही नाही. हे तिला तिथेच तोंडावर सांगायला हवं होतं. मी नुसती मान हलवली आणि तिने तो होकार धरला.

फिर्यादी बाई साक्षीला उभी राहिली त्या दिवशी बायको बाहेर बाकावर होती. हात कुठे टाकला, कसा टाकला, हे सरकारी वकिलांनी विचारलंच नाही. लाजले की कंटाळले, देव जाणे. मला तेवढी फट पुरे होती. अंगावर हात टाकणं म्हणजे मारणंही होतं आणि ते दुसरंही. मी उलटतपासाला उठले.

"अंगावर हात टाकला म्हणजे मारलं, असंच ना?"

"हो. मारलं पण," ती म्हणाली.

आमच्याकडे असंच बोलतात. 'मी पण येते' मधला हा 'पण'. चहा घेतला, बिस्कीट खाल्लं पण. म्हणजे ते दुसरं केलं, आणि वर मारलंसुद्धा. मला लख्ख कळलं. न्यायाधीश साहेब विदर्भातून नुकते बदलून आलेले. त्यांनी तो 'परंतु' धरला आणि त्यांना वाक्य अर्धवट वाटलं.

"पण काय? पुढे बोला," ते म्हणाले.

ती गोंधळली. तिचं तर बोलून झालं होतं. "मारलं पण, साहेब," ती पुन्हा तेच म्हणाली.

साहेब वैतागले आणि त्यांनी टायपिस्टला सांगितलं, "घ्या. हे म्हणणे खरे आहे की, अंगावर हात टाकला म्हणजे आरोपीने मला मारले." सरकारी वकील फोनमध्ये बघत होते. मी म्हटलं, "आणखी प्रश्न नाहीत," आणि खाली बसले. बाईने कागद न वाचता सही केली. मला माझीच शिसारी आली, हे खोटं नाही. पण तोंड उघडलं असतं तर अशिलाला मीच आत घातलं असतं.

निकालाच्या दिवशी विनयभंगातून तो सुटला. मारल्याबद्दल कोर्टाने समज दिली आणि सोडून दिलं.

बाहेर जिन्यापाशी स्वारी भलतीच खुशीत होती. बायको शेजारी उभी आहे याचंही भान नव्हतं. "मॅडम, ती 'पण' बोलली ना, तवा आपली जाम फाटलेली. वाटलं, गेलो आता. बरं झालं, साहेबाला नाय समजला."

"कसला 'पण'?" बायकोने विचारलं.

"काय नाय. चल घरी."

तिने त्याच्याकडे बघितलंच नाही. "मॅडम, काय बोलली ती बाई?"

तो माझ्याकडे बघत होता. अशिलाचं गुपित मी आजवर फोडलेलं नाही. पण हे तर भर कोर्टात, साहेबांसमोर बोललेलं. त्यात गुपित कसलं?

"अंगावर हात टाकला म्हणजे मारलं का, असं मी विचारलं," मी म्हटलं. "ती म्हणाली, हो, मारलं पण."

तिला अर्थ विचारावा लागला नाही. तिने डब्याची पिशवी त्याच्या हातात दिली.

"पोरींची शाळा सुटायची वेळ झाली," ती मला म्हणाली आणि एकटीच जिना उतरली.