मशीन धाकटीच्या हाती गेलं

रस्ता खणणारे वेगळे, पाइप टाकणारे वेगळे, आणि ते सगळे निघून गेल्यावर उघडा चर बुजवून रस्ता पुन्हा चालता करणारी टोळी वेगळी. थोरली या शेवटच्या टोळीत होती. लग्न होऊन आली ती जवळजवळ थेट चरातच उतरली म्हणा ना. पाइपवर आधी मऊ वाळू, मग मातीचा थर, थोडं पाणी, मग दांड्याच्या जड लोखंडी धुम्मसने ठोकणं. पुन्हा थर, पुन्हा ठोकणं. वर खडी आणि शेवटी डांबर. ठोकण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मुकादम बाकीच्यांच्या कामावर टाच आपटून बघायचा, तिच्या कामावरून नुसता चालत जायचा. तेवढ्यानेही तिच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं. धाकटी घरात आली आणि पाठोपाठ कामावरही आली. हसरी, बोलकी, कुणाशीही पटकन जमवून घेणारी. तिथपर्यंत थोरलीने चालवून घेतलं.

एके दिवशी मुकादमाने टेम्पोतून माती दाबायचं मशीन उतरवलं. खाली जाड पोलादी पाट, वर इंजिन, मागे धरायला दांडा. चालू केलं की थयथयाट करत पुढे सरकायचं.

"कोण धरणार?" त्याने विचारलं.

थोरली गप्प राहिली. तो आपलंच नाव घेणार, मग आपण कशाला पुढे पुढे करायचं?

"मी धरू?" धाकटी म्हणाली, आणि मुकादम काही बोलायच्या आत दांडा तिच्या हातात होता.

झालं. त्या दिवसापासून धाकटी मशीनवर आणि थोरली फावड्यावर. येणारे-जाणारे थांबून बघायचे. "वा, बाई मशीन चालवतेय!" असं म्हणायचे. थोरली त्याच चरात कमरेइतकी उतरून माती पसरत असायची, पण तिच्याकडे कुणाचं लक्ष जाईल तर शपथ.

घरी त्याहून वाईट. सासूबाई तेल कोमट करून धाकटीचे दंड चोळायला बसायच्या. "मशीन फार हादरवतं गं पोरीला," असं म्हणायच्या. थोरली भाकऱ्या थापता थापता ऐकायची. इतकी वर्षं धुम्मस उचलून आपले खांदे भरून आले, तेव्हा हे तेल कुठे होतं? तिच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "तुला मशीन हवं होतं तर बोलायचंस की." त्या रात्री त्याच्या ताटात मीठ जरा जास्तच पडलं.

आता ती धाकटी कुठे चुकते यावर टपून असायची. पण धाकटी चुकेना. त्यानेही थोरलीचं डोकं फिरायचं.

शेवटी एकदाची चुकली. इस्त्रीवाल्याच्या टपरीसमोर घरांच्या नळांचा बारीक पाइप टाकला होता. त्याच्यावर वाळू जेमतेम पसरली होती, वर मातीचा एकच थर. एवढ्यावर मशीन घालायचं नसतं. धाकटीने घातलं. थोरलीचं फावडं हवेतच थांबलं. "अगं, थांब" हे शब्द अगदी ओठांवर आले होते. तिने ते गिळले. होऊ दे एकदा हिची फजिती, बघू मग कोण चोळतंय दंड.

डांबर पडलं, टोळी पुढच्या गल्लीत गेली. काही दिवसांनी तो रस्ता आतून भिजत भिजत खचला. इस्त्रीवाला कपड्यांची गाडी ढकलत निघाला होता. चाक आत गेलं, गाडी कलंडली आणि तिच्यावरच्या इस्त्रीतले पेटते निखारे त्याच्या पायावर सांडले. घोटा चांगलाच भाजला. धुतलेले कपडे चिखलात लोळले.

मुकादमाने सगळ्यांना परत बोलावलं. चर उकरला. पाइप तडकलेला दिसला, तसा तो धाकटीवर कडाडला. "डोळे कुठे होते तुझे? बास झालं. उद्यापासून मशीन थोरली धरेल."

किती महिने या वाक्याची वाट पाहिली होती! थोरलीला क्षणभर गोड वाटलंही. पण समोर इस्त्रीवाला पायाला ओलं फडकं गुंडाळून बसला होता. तिने मान फिरवली.

दोघी चरात उतरून चिखल काढू लागल्या. धाकटीच्या हातून घमेलं निसटलं. तिने उचललं, पुन्हा निसटलं.

"काय झालं हाताला?"

"बोटं मिटत नाहीत, जाऊबाई. मुंग्या येतात. बरेच दिवस झाले."

"मग बोलली का नाहीस?"

"मशीन काढून घेतलं असतं ना." धाकटी खाली बघत म्हणाली. "घरात आल्यापासून एकच ऐकत आलेय. थोरलीने ठोकलेला रस्ता हलत नाही, थोरलीसारखं काम शिक. धुम्मस काही मला पेलेना. म्हटलं, निदान मशीन तरी."

"असं कोण म्हणतं?"

"सासूबाई. दुसरं कोण?"

थोरली जागच्या जागी उभी राहिली. तिच्यासमोर सासूबाईंनी असा एक शब्द कधी काढला नव्हता. कौतुक तिचं, आणि तेही ऐकायला मिळालं हिलाच! याचाही तिला हेवा वाटला, आणि वाटल्याबरोबर स्वतःची लाजही वाटली.

"त्या दिवशी तुम्ही बघत होतात," धाकटी हळूच म्हणाली. "तुमचं फावडं थांबलं होतं. मला वाटलं, काही चुकत असतं तर तुम्ही बोलला असतात."

थोरलीने घमेलं स्वतःच भरलं, स्वतःच वर दिलं, आणि मुकादमाला हाक मारली.

"वाळू कमी होती, ते मी बघितलं होतं. बोलले नाही. मशीन आम्ही दोघी आळीपाळीने धरू. एकीने रोज धरलं तर हात कामातून जातो."

मुकादमाने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "घरची भांडणं रस्त्यात पुरू नका," तो म्हणाला. पण नाही म्हणाला नाही.

नवा पाइप बसला. थोरलीने वाळू भरपूर घातली, हाताने चाचपून पाहिली, मग थरामागून थर चढवले आणि पहिल्यांदाच मशीनचा दांडा धरला. हादरा थेट दातांपर्यंत गेला. धाकटी कडेला बसून बाटलीतल्या पाण्याने बोटं भिजवत होती. तेवढ्यात रस्त्याने जाणारा एक म्हातारा थांबला आणि कौतुकाने म्हणाला, "वा, बाई मशीन चालवतेय!"

थोरलीने चोरून धाकटीकडे पाहिलं. धाकटीने नाक मुरडलं होतं. थोरलीला बरं वाटलं.