पियानोंच्या खोलीतली ओल

विक्रोळीच्या एका जुन्या कारखान्यातली खिडक्या बुजवलेली खोली, ही माझी नोकरीची जागा. मैफिलींना भाड्याने जाणारे पाच मोठे पियानो तिथे ठेवलेले असतात. लाकूड दमट हवेत फुगतं, फार कोरड्या हवेत चिरतं. म्हणून एसी आणि ओल शोषणारं यंत्र बंद पडू द्यायचं नाही, आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास राखायची, हे माझं काम.

एका जुलैत सगळ्यांत मोठ्या पियानोच्या पट्ट्या अडकायला लागल्या. दाबली की वरच येईना. पियानो सुरात लावायला येणारे काका सत्तरीचे, अबोल. दोनदा उघडून बघून म्हणाले, "तुझी खोली ओली आहे." मी आर्द्रतेचा मीटर दाखवला. पन्नास. त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली. मला रडू यायचंच बाकी होतं.

घरी बाबांना सांगितलं. ते मिलमध्ये साचेखात्याची, म्हणजे माग चालतात तिथली, हवा दमट ठेवायच्या कामावर होते. हवा कोरडी पडली की सूत तुटायचं. म्हणाले, "माका बघूक दी."

रविवारी नाहूरहून त्यांना घेऊन आले. त्यांनी दाराशी चपला काढल्या, बाह्या दुमडल्या आणि भिंतीच्या कडेकडेने उलटा हात धरून चालत राहिले. मोठ्या पियानोच्या मागे थांबले.

"हयसर ये गो. हात लाव."

भिंत गार, चिकट लागली.

"पण मीटर पन्नास दाखवतोय, बाबा."

"मीटर खंय लावलंस?"

यंत्राच्या तोंडासमोर. तिथली कोरडी हवाच तो मोजत होता. इकडे यंत्राची पाणी बाहेर नेणारी नळी भिंतीत तुंबून झिरपत होती. मीटर पियानोमागे नेला, तर बहात्तर.

नळी मोकळी केली, भिंत वाळवली. हळूहळू करत दोन आठवड्यांनी पट्ट्या सुटल्या. काकांनी एकेक दाबून पाहिली, बाबांनी ओल कशी शोधली ते माझ्याकडून ऐकलं आणि म्हणाले, "वडिलांना घेऊन ये एकदा."

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. काकांनी त्यांच्यासाठी बराच वेळ वाजवलं. मग बाबा थर्मामीटरला ओलं फडकं बांधून मिलमधल्या हवेतली ओल कशी मोजायचे ते सांगू लागले. काका म्हणाले, "माझे गुरुजीही तसंच करायचे." अबोल माणूस एवढं बोलतो, हे मला माहीतच नव्हतं. चहा आत न्यायचा नाही हा माझा नियम. दोघेही कप घेऊन बाहेरच्या पायरीवर जाऊन बसले. मी पियानोवर कापड घातलं, तरी त्यांचं बोलणं चालूच होतं.